पुढच्या भागापुरती पीपीएफ: नव्या गाडीचा रंग, रस्त्यावरची खडी आणि एका फिल्मचे परीक्षण

नवी गाडी ताब्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्या पुढच्या भागावर पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे सगळे जिला पीपीएफ म्हणतात ती पारदर्शक फिल्म, बसवून घेतली. संपूर्ण गाडीवर नव्हे, तर बॉनेट, पुढचा बंपर, दोन्ही फेंडर, हेडलॅम्प, आरशांची आवरणे, ए-पिलर म्हणजे पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब आणि छताची पुढची कड एवढ्या भागावरच. गाडी गडद निळ्या रंगाची, मध्यम आकाराची एसयूव्ही आहे. ती एरवी पुण्यात चालते आणि अधूनमधून सातारा, कराड, पाटण, कोयनानगर या मार्गाने कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाते. या फिल्मने आता एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा पाहिला आहे, त्यामुळे तिच्याविषयी बऱ्यापैकी खात्रीने लिहिता येईल. फिल्म बनवणाऱ्या कंपनीचे आणि ती बसवणाऱ्या डिटेलिंग स्टुडिओचे, म्हणजे गाडीची सफाई, पॉलिश आणि फिल्मची कामे करणाऱ्या दुकानाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. काही तक्रारी आहेत हे एक कारण. त्याहून महत्त्वाचे कारण असे की एकाच रोलमधली फिल्म दोन स्टुडिओंत दोन तऱ्हांनी बसते, आणि या खरेदीत फिल्मच्या नावापेक्षा बसवणाऱ्याचा हात जास्त निर्णायक ठरतो.

आधी खडीबद्दल. रंगाचा टवका उडतो तो बहुतेकांना वाटतो तसा केवळ डंपरमधून सांडणाऱ्या खडीमुळे उडत नाही. ताडपत्री न टाकता धावणारे हायवा, म्हणजे मोठे डंपर, हे आपल्या रस्त्यांवरचे नेहमीचे दृश्य आहे आणि त्यातून घसरणारी कच त्रासदायक असतेच. पण टवक्यांचा मोठा वाटा पुढच्या वाहनाच्या टायरांकडे जातो. टायरच्या खाचेत अडकलेला किंवा टायरखालून निसटलेला खडा हवेत उसळतो आणि मागून येणारी आपली गाडी स्वतःच्या वेगाने त्याच्यावर जाऊन आदळते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ६० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटर वेग असेल तर तोच खडा पावणेतीन पटींहून अधिक जोराने लागतो. डांबरीकरणानंतर बारीक खडी पसरून ठेवलेला आणि अजून नीट न दबलेला पट्टा, चौपदरीकरणाच्या कामाजवळची वळणवाटेची कच्ची बाजू आणि घाटात दरडीखालून वाहून आलेला मुरूम ही तिन्ही ठिकाणे माझ्या मार्गावर वर्षातला बराच काळ भेटतात. जड वाहनाच्या मागे अंतर राखून चालणे हा पहिला आणि फुकटचा उपाय आहे; फिल्म त्याची जागा घेत नाही.

आता हा खडा ज्यावर आदळतो त्या रंगाची जाडी पाहावी. कारखान्यात लोखंडी पत्र्यावर प्रथम ई-कोट म्हणजे गंजरोधक थर, मग प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि शेवटी क्लिअर कोट असे थर चढतात. सगळे मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा. यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो आणि आपल्याला दिसणारा निळा, तांबडा, पांढरा रंग तर त्याहूनही पातळ. खडा नुसता क्लिअर कोटवर खूण करून गेला तर ती खूण केवळ डोळ्यांना खुपते. तो प्रायमरपर्यंत गेला तर करडा ठिपका दिसतो. ई-कोटही फोडून तो पत्र्याला भिडला तर मात्र गंजाची सुरुवात होऊ शकते, आणि कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत ती फार वेळ घेत नाही. बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे तिथे गंजाचा प्रश्न नसतो, फक्त रूप बिघडते. बॉनेटची पुढची कड आणि छताची पुढची कड मात्र पत्र्याच्या असतात. फिल्मवरचा पैसा आधी या दोन जागी खर्च व्हावा असे मी म्हणतो ते त्यामुळेच.

वाहन कंपन्या या प्रश्नाकडे अगदी डोळेझाक करतात असे नाही. रंगलेल्या पत्र्यावर हवेच्या दाबाने साधारण एक ते दीड सेंटीमीटर आकाराची खडी मारून टवके मोजण्याची एसएई जे४०० नावाची प्रमाण चाचणी अनेक वर्षांपासून वापरात आहे. दाराखालच्या पट्टीवरून, म्हणजे रनिंग बोर्डाच्या आतल्या बाजूने, बोट फिरवले तर बऱ्याच गाड्यांत रंगाखाली किंचित खरखरीत, रबरासारखा थर हाताला लागतो. तो खडीसाठीच दिलेला असतो. बॉनेटवर असा थर देता येत नाही, कारण तिथे ग्राहकाला आरशासारखा गुळगुळीतपणा हवा असतो.

शोरूममध्ये गाडीच्या हिशेबाच्या कागदावर जे संरक्षण लिहून येते त्याचा खडीशी फारसा संबंध नसतो. मलाही डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी सिरॅमिक कोटिंगचे पॅकेज दाखवण्यात आले आणि त्या तरुण विक्रेत्याने अत्यंत आत्मविश्वासाने सांगितले की हे ‘नाइन एच’ कडकपणाचे असल्यामुळे खड्याचाही ओरखडा उमटणार नाही. ‘नाइन एच’ हे पेन्सिलच्या शिशाने ओरखडा काढून पाहण्याच्या चाचणीतले माप आहे. त्याचा उडत्या खड्याशी काहीही संबंध नाही. सिरॅमिक कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनच्या आसपास असतो. त्याने पाणी छान ओघळते, चिखल लवकर सुटतो, चकाकी टिकते आणि गाडी धुणे सोपे होते. हे सगळे खरे गुण आहेत आणि त्यासाठी कोणी पैसे मोजत असेल तर त्यात गैर नाही. पण खडा अडवायला लवचिक आणि पुरेसा जाड थर लागतो. कडक आणि अतिपातळ थर त्या कामाचा नाही. टेफ्लॉन कोटिंग या नावाने जे विकले जाते ते तर बहुतेक वेळा चांगल्या पॉलिशच्या पलीकडे जात नाही. गाडीच्या नाकावर बांधायचे रेक्झिनचे आवरणही काही दुकानांत अजून मिळते. त्याच्या खाली धूळ आणि ओल अडकते, वाऱ्याने आवरण फडफडते आणि तीच धूळ रंगावर घासली जाते, तेव्हा ते घेऊच नये.

पीपीएफचे मूळ लष्करी आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूने आणि खड्यांनी झिजत, त्यावर उपाय म्हणून अमेरिकेतील थ्री-एम कंपनीने युरेथेनची चिकट फिल्म तयार केली आणि पुढे तीच कल्पना शर्यतीच्या गाड्यांवरून सर्वसामान्यांच्या गाड्यांपर्यंत आली. आज चांगली फिल्म थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, म्हणजे टीपीयूची असते. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन असते, म्हणजे संपूर्ण कारखानी रंगापेक्षा ती एकटीच जाड असते. खडा लागला की ती दबते, आघात आजूबाजूला पसरवते आणि परत वर येते. तिच्या वर एक टॉप कोट असतो, जो ऊन किंवा गरम पाणी लागल्यावर स्वतःवरचे बारीक ओरखडे भरून काढतो. आपल्याकडे थ्री-एम, एक्स्पेल, लूमार, सनटेक या परदेशी नावांबरोबर छत्रपती संभाजीनगर येथे कारखाने असलेली गरवारे हाय-टेक फिल्म्स ही कंपनीही पीपीएफ बनवते. चांगली फिल्म म्हणजे आयात केलेलीच फिल्म, ही समजूत तेवढ्यासाठी तरी बाजूला ठेवायला हरकत नाही.

खरी सावधगिरी टीपीयू आणि पीव्हीसी यांच्यातल्या फरकाविषयी बाळगायला हवी. मी चौकशी केलेल्या एका ठिकाणी संपूर्ण गाडीला ४५,००० रुपये सांगितले गेले, तर इतर ठिकाणी त्याच गाडीचा भाव लाखाच्या पुढे होता. एवढ्या फरकाचे कारण विचारल्यावर बराच वेळ ‘आमचा थेट इम्पोर्ट आहे’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी तुकडा हातात घेऊन ताणायला मागितला तेव्हा कळले की ती टीपीएच या नावाने विकली जाणारी फिल्म आहे, जिचा पाया पीव्हीसीचाच असतो. पीव्हीसीची फिल्म नवी असताना चमकते आणि पहिल्या दिवशी कोणालाही फसवू शकते. ऊन खाऊन ती कडक होते, पिवळी पडते आणि काढायच्या वेळी तुकड्यातुकड्यांनी निघते. गोंद रंगावर राहतो तो वेगळाच. ग्राहकाने नमुन्याचा तुकडा मागावा आणि दोन्ही हातांनी ताणून सोडावा. टीपीयू चांगली ताणली जाते आणि सोडल्यावर बहुतांशी पूर्ववत होते, पीव्हीसी ताणलेली राहते किंवा पांढुरकी पडते. कोणी तुकडाच देत नसेल तर तिथून निघावे.

जिथे काम दिले तो स्टुडिओ निवडताना मी त्यांची भिंतीवरची प्रमाणपत्रे पाहिली नाहीत, आधी काम झालेली आणि दोन-तीन वर्षे रस्त्यावर चाललेली एक गाडी दाखवा असे सांगितले. त्यांनी शेजारच्याच व्यावसायिकाची राखाडी सेडान दाखवली. बॉनेटच्या कडेला, हेडलॅम्पच्या खाचेत आणि बंपरच्या खालच्या कोपऱ्यात फिल्मची धार कुठे संपते, ती उचलली गेली आहे का आणि तिच्या बाजूला काळी रेघ धरली आहे का, एवढे पाहिले की बरेच कळते. फिल्मचे सपाट अंग सगळ्यांनाच जमते. कारागिराची परीक्षा कोपऱ्यात होते.

कापण्याच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्हींना दोष आहेत. एका पद्धतीत गाडीच्या मॉडेलप्रमाणे संगणकावरचा साचा घेऊन प्लॉटरवर फिल्म आधीच कापली जाते. यात गाडीवर ब्लेड चालत नाही, पण पॅनेलच्या कडेपासून फिल्म एक-दोन मिलिमीटर आत संपते आणि तेवढी रेघ उघडी राहते. दुसऱ्या पद्धतीत मोठा तुकडा गाडीवर पसरून हाताने कापला जातो आणि कड आत वळवली जाते. हे दिसायला अधिक सुबक, पण ब्लेड धरणारा हात हलका नसेल तर ज्या रंगाच्या रक्षणासाठी सगळा खटाटोप चालला आहे त्याच रंगावर पातीची रेघ उमटते. माझ्या गाडीवर बॉनेट आणि फेंडर साच्याने कापलेले, कड मात्र शक्य तिथे आत वळवलेली, असा मधला मार्ग निघाला. बंपरबाबत तिथल्या मुख्य कारागिराने स्पष्टच सांगितले, “साहेब, खालची कड नीट आत घ्यायची असेल तर बंपर थोडा सैल करावा लागेल. तुमची हरकत असेल तर तसेच करतो, पण मग वर्षभराने कोपरा उचलला तर मला बोलू नका.” मी बंपर सैल करायला होकार दिला. हा माणूस कमी बोलणारा आणि हातातले काम संपल्याखेरीज मोबाइल न घेणारा होता, आणि या साऱ्या व्यवहारातला माझा सर्वाधिक विश्वास त्याच्यावरच बसला.

प्रत्यक्ष कामाचा मोठा भाग फिल्म लावण्याआधीच संपतो. गाडी धुतली, लोहकण विरघळवणारा द्रव मारला, मग क्ले बारने, म्हणजे मळ ओढून घेणाऱ्या चिकणमातीसारख्या वडीने, रंग घासून हाताला काचेसारखा लागेपर्यंत साफ केला. गाडी नवी असली तरी यार्डात उभी असताना आणि ट्रेलरवरून येताना तिच्यावर बरेच काही बसलेले असते. तो द्रव मारल्यावर दाराच्या खालच्या भागावरून जांभळे ओघळ वाहिले ते लोखंडाच्या बारीक कणांचे होते. यानंतर रंगाच्या जाडीचे मापक प्रत्येक पॅनेलवर फिरवले गेले. ते मी आवर्जून करायला लावले होते, कारण वाहतुकीत खरचटलेले पॅनेल ग्राहकाला न सांगता परत रंगवल्याच्या गोष्टी ऐकू येतात. कारखान्यातला रंग भट्टीत भाजून पक्का झालेला असतो आणि त्यावर पहिल्या दिवशीही फिल्म चालते. परत रंगवलेल्या पॅनेलला मात्र त्यातले द्रावक उडून जायला काही आठवडे द्यावे लागतात, आणि पुढे फिल्म काढताना अशा पॅनेलचा रंग तिच्याबरोबर निघून येण्याचा धोकाही असतो. माझ्या गाडीत सगळ्या पॅनेलचे आकडे जवळपास सारखे आले, म्हणजे परत रंगवल्याची शंका उरली नाही.

फिल्म बसवताना पत्रा आणि फिल्म दोन्ही शाम्पूच्या पाण्याने भिजवतात, म्हणजे ती सरकवून जागेवर आणता येते. जागा बसली की अल्कोहोल मिसळलेले पाणी मारून गोंद पकडू देतात आणि स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, मधून कडेकडे पाणी काढत जातात. बंपरच्या फुगीर कोपऱ्यावर फिल्म ताणावी लागते आणि इथेच घाई घातक ठरते: जास्त ताणली तर ती पातळ होते, गोंदावर बारीक रेषा उठतात आणि ताणलेली कड उन्हात आकसून परत उचलली जाते. हीट गनने कड गरम करून, अंगठ्याने दाबून आणि परत गरम करून तो कारागीर एका कोपऱ्यापाशी इतका वेळ बसला होता की स्टुडिओच्या मालकाने येऊन दोनदा घड्याळाकडे पाहिले.

आता तक्रारी. पहिली तक्रार कामाची आहे. बॉनेटच्या डाव्या भागात फिल्मखाली धुळीचे तीन-चार कण अडकले. पाण्याचे बुडबुडे राहतात ते आठवड्या-दोन आठवड्यांत सुकून जातात, ओलसर हवेत थोडे उशिराने. पण धुळीचा कण फिल्म असेपर्यंत तिथेच राहतो. काम झाल्यावर गाडी परत घेताना दिव्याच्या उजेडात तो दाखवल्यावर मालकांनी ‘पाणी आहे, सुकेल’ असे सांगितले आणि ते खरे नाही हे त्यांना नक्कीच माहीत होते. दुसरी तक्रार अशी की उजव्या हेडलॅम्पला लागून असलेली फेंडरची कड पावसाळ्यात उचलली गेली आणि तिच्याखाली चिखलाची बारीक रेघ धरली. वॉरंटीत ती कड बदलून मिळाली, मात्र त्यासाठी फोन करत राहावे लागले आणि ‘तुम्ही प्रेशर वॉशर जवळून मारला असेल’ हा आरोपही ऐकून घ्यावा लागला. तिसरी तक्रार बिलाची. ४२,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४९,५६० रुपये ठरलेले असताना वर ‘देखभाल किट’ या नावाखाली शाम्पूची बाटली आणि एक कापड वेगळे लावले होते. नको म्हटल्यावर ते काढून टाकले गेले, याचा अर्थ ते न विचारणाऱ्याच्या बिलात राहत असावे.

रस्त्यावरचा अनुभव मात्र चांगला आहे, आणि शेवटी खरेदी त्यासाठीच होती. पाटणच्या अलीकडे खडीने भरलेल्या एका डंपरला ओलांडत असताना बॉनेटवर इतक्या जोराचा आवाज झाला की मागच्या आसनावरची मंडळी दचकली. घरी आल्यावर पाहिले तर बॉनेटच्या पुढच्या कडेपासून वीतभर अंतरावर फिल्मवर तांदळाच्या दाण्याएवढी पांढरट खूण होती. नखाने चाचपल्यावर खळगा लागला. पण टॉर्च तिरपी धरून पाहिले तेव्हा खूण फिल्मच्या जाडीतच थांबलेली होती आणि खालचा निळा रंग अखंड होता. ही खूण उन्हात भरून आली नाही आणि येणारही नाही, कारण स्वतःहून बुजतात ते टॉप कोटवरचे केसासारखे ओरखडे, फिल्ममध्ये घुसलेला घाव नव्हे. विक्रेते ‘सेल्फ हीलिंग’ म्हणताना तारेच्या ब्रशने फिल्म घासून वर गरम पाणी ओतण्याचा जो खेळ करून दाखवतात, तो खोटा नसला तरी खडीबद्दल काहीच सांगत नाही. एकंदर बंपरवर अशा खुणा बऱ्याच आहेत, छताच्या कडेवर एक-दोन आहेत. टोकदार खडा काटकोनात पुरेशा वेगाने आला तर फिल्मही फुटू शकते. बंपरवर नंबरप्लेटच्या खाली एका जागी ती आरपार गेली आहे आणि खालचा रंगही तुटला आहे.

फिल्मने काय केले हे कळण्याची उत्तम जागा म्हणजे जिथे ती लावलेली नाही तो भाग. मागच्या दारांच्या खालच्या टोकाला, मागच्या चाकाच्या कमानीपाशी, आता बारीक टवक्यांची रांग दिसते. ही करणी पुढच्या वाहनाची नाही, माझ्याच पुढच्या चाकांची आहे. तिथे हातभर फिल्मची पट्टी पुरली असती, आणि नव्याने काम देणाऱ्याने ती अवश्य मागावी. पण त्याहून आधी मडफ्लॅप बसवावेत. गाडीबरोबर येतात ते बहुधा नावालाच असतात. कंपनीच्या अॅक्सेसरीजमध्ये मिळणारे मोठे मडफ्लॅप चाकाने उडवलेली खडी जागेवरच अडवतात आणि त्यांचा खर्च पीपीएफच्या बिलाशेजारी नगण्य आहे. एवढा स्वस्त आणि एवढा उपयोगी उपाय एकाही स्टुडिओने मला सुचवला नाही.

संपूर्ण गाडीवर फिल्म लावण्याचा भाव त्याच स्टुडिओत १,१५,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १,३५,७०० रुपये होता. दारे, छताचा मागचा भाग, डिकी यांवर उडती खडी जवळजवळ पोहोचत नाही. तिथला शत्रू वेगळा आहे: सोसायटीत घासून जाणारी दुचाकी, कपडा न धुता गाडी पुसणारा सफाईवाला, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक. यांपासून फिल्म वाचवते हे खरे, पण त्यासाठी ८०,००० हून अधिक रुपये जादा मोजावेत का, याचे माझे उत्तर नाही असे आहे. साध्या गाडीचे एखादे दार चांगल्या ठिकाणी रंगवून घ्यायला साधारण पाच ते दहा हजार रुपये लागतात. बॉनेटही त्याच भावात होते, मग बॉनेटवर तरी फिल्म कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. टवका दारावर अपघातानेच कधी उडतो, बॉनेटवर तो दर फेरीला उडत राहतो. आणि परत चढवलेला रंग कारखान्याच्या भट्टीतल्या रंगाची बरोबरी क्वचितच करतो, मोतिया किंवा तीन थरांच्या रंगात तर छटा जुळवणेच अवघड जाते. ज्याची गाडी शहराबाहेर फारशी जात नाही त्याने मात्र पुढच्या भागावरही एवढा खर्च करण्याची गरज नाही. त्याने आपल्या रंगाच्या सांकेतिक क्रमांकाची टच-अप पेन घ्यावी, टवका दिसताच तिथली माती आणि ओल काढावी आणि काडीच्या टोकाने रंगाचा ठिपका त्यात सोडावा; ब्रशने रेघ ओढू नये, ती उन्हात लगेच दिसते. हा क्रमांक बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवरील किंवा इंजिनाजवळच्या पट्टीवर असतो.

देखभालीचे नियम थोडे आहेत, पण ते पाळावे लागतात. पहिला आठवडाभर गाडी धुवायची नाही. नंतर प्रेशर वॉशर वापरताना नळी हातभर तरी लांब धरायची आणि पाण्याची धार फिल्मच्या कडेवर तिरपी मारायची नाही. नव्या डांबरी रस्त्यावरून आल्यावर बंपरच्या खालच्या भागावर डांबराचे काळे ठिपके बसतात, ते काढायला गॅरेजमधले लोक सरसकट डिझेलचे फडके फिरवतात. फिल्म असलेल्या भागाला ते लागू देऊ नये, टॉप कोट आणि कडेचा गोंद दोन्ही त्याने बिघडतात. बोअरवेलच्या पाण्याने भर उन्हात गाडी धुतली तर क्षारांचे गोल डाग फिल्मवरही पडतात आणि ते सहजी निघत नाहीत. पांढरी गाडी असेल तर कडेची मातीची रेघ जास्त दिसते. माझ्या निळ्या गाडीत ती सावलीत लपते, हा केवळ रंगाचा फायदा आहे.

वॉरंटीचा कागद मात्र शब्दशः वाचावा. तो पिवळेपणा, तडे, फुगवटे आणि सुटणारा गोंद यांसाठी असतो. खडीने फिल्म फुटल्यास ती बदलून देण्याचे वचन त्यात सहसा नसते. तो स्टुडिओच्या लेटरहेडवर नसून फिल्म कंपनीच्या नावाने, रोलच्या क्रमांकासह आणि गाडीच्या नोंदणी क्रमांकासह असावा. स्टुडिओ बंद पडले किंवा गावच बदलले तरी कंपनी जागेवर राहते. झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांची घट न कापणारी विमा पॉलिसी असली तरी अपघातात पॅनेल बदलल्यावर त्याच्यावरच्या फिल्मचे पैसे विमा कंपनी देईलच असे धरून चालू नये. हे पॉलिसी घेतानाच विचारून घ्यावे. कोणी पारदर्शकऐवजी रंगीत फिल्म लावत असेल तर गाडीचा रंग बदलतो आणि आरसीवरील नोंदही आरटीओतून बदलून घ्यावी लागते, ही गोष्ट स्टुडिओवाले बहुधा सांगत नाहीत.

बंपरवरचा फुटलेला तुकडा येत्या पावसाळ्याआधी बदलून घेणार आहे. तेवढ्या एका पॅनेलसाठी ९,५०० रुपये सांगितले आहेत, आणि काम त्याच स्टुडिओला देणार आहे, पण तोच कारागीर त्या दिवशी हजर असेल तरच.